वरचं पाणी

वाईच्या वर, जोर खोऱ्यातल्या एका गावात शहरातला एक पाहुणा आला. कृष्णेकाठी त्याला जॅमचा कारखाना टाकायचा होता. ग्रामसभेत त्यानं कागद पसरले.

"उगमापासून धोम धरणापर्यंतची कृष्णा पहिल्या वर्गात. काठापासून ३ किलोमीटर कारखाना चालत नव्हता," तो म्हणाला. "पण ते २००० सालचं धोरण सरकारनं २०१५ मध्ये रद्द केलं. आता १९७४ च्या पाणी कायद्याखाली प्रदूषण मंडळाची संमती मिळाली की झालं. सांडपाणी शुद्ध करूनच सोडू. घाणीचं माप, म्हणजे बीओडी, लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत."

"आणि नदीचं?" कॉलेजात जाणाऱ्या एका पोरीनं विचारलं.

"उत्तम पाण्याचं २ च्या आत. नदी इतकी चांगली आहे, की आमचं पाणी तिला कळणारही नाही!"

सोशिक सुनेचं कौतुक घरोघर असंच होतं.

मागं बसलेल्या आजीचं माहेर सांगलीचं. ती म्हणाली, "पाव्हणं, सांगलीचा शेरीनाला बघितलाय? कृष्णेलाच मिळतो. उन्हाळ्यात नदी आटली, वास सुटला, मासं मेलं, की लोक म्हंत्यात, कोयनेतनं पाणी सोडा. वरचं पाणी आलं की खालची नदी धुऊन निघती."

"तेच म्हणतोय, आजी. पाणीच पाण्याला धुतं."

"व्हय. मग वरचंच मळलं तर ते कशानं धुवायचं? हितनं वर धरण न्हाई, महाबळेश्वराचं देऊळ हाय."

"एका कारखान्यानं काय होतंय?"

"तुम्हाला दिलं की दुसऱ्याला कुठल्या तोंडानं नाही म्हणू?" सरपंच म्हणाले. "त्यालाही ३० च, तिसऱ्यालाही ३० च. माप प्रत्येक कारखान्याला लावलंय, सगळ्यांचं मिळून नदीचं काय होतंय ते कोण मोजणार?"

ठराव झाला : आज नदीत जसं पाणी आहे तेच इथलं माप, त्याहून वाईट होईल असं काहीही सोडू नये. हे कोणत्या कलमाखाली लिहू, असं ग्रामसेवकानं विचारलं. कलम कुणालाच सुचेना. ठराव तसाच वाईला पाठवला.

पाहुण्यानं कागद गुंडाळले आणि तो सांगलीच्या अंगाला जागा बघायला गेला. तिथं नदी आधीच मळलेली, त्यामुळं त्याला इतके प्रश्न कुणी विचारले नाहीत.