तपशिलाचा रकाना

देवाला सगळं ठाऊक असतं, हे आपण लहानपणी ऐकतो आणि मोठेपणी सोयीस्करपणे विसरतो. श्वेताश्वतर उपनिषदात देवाला एकाच मंत्रात 'कर्माध्यक्ष'ही म्हटलं आहे आणि 'साक्षी'ही. आम्हां बँकवाल्यांना यातला कर्माध्यक्ष चटकन कळतो. तो म्हणजे ब्रँच मॅनेजर! चित्रगुप्त बिचारा नुसता क्लार्क. नोंदी त्याने करायच्या, पास करायच्या यमराजांनी.

पण वहीत माणसाची करणी लिहिता येते, मनातल्याचं काय? कल्याणहून खच्चून भरून आलेल्या लोकलमध्ये डोंबिवलीला चढलेले काका पाहा. डोळे मिटलेले, ओठांवर रामरक्षा आणि चित्त मात्र खिडकीजवळच्या गृहस्थांत. हा ठाण्याला उतरणार की दादरला? रामाला हे कळत नसेल? कळतं तर! पण काकांना त्याचा संकोच नाही. शेजारच्या प्रवाशाला कळलं, तर मात्र ते ओशाळतील. सर्वज्ञाशी आपलं पटतं ते तो गप्प बसतो म्हणून. फडके रोडवरचं गणेश मंदिर १९२४ सालचं. शंभर वर्षांची गुपितं त्या गणरायाच्या पोटात आहेत. पोट मोठं आहे म्हणून बरं! त्याने उद्या तोंड उघडलं, तर पाडव्याच्या स्वागतयात्रेत निम्मी डोंबिवली तोंड लपवून चालेल.

मग या सर्वज्ञाला भ्यायचं का? पासबुकात पाच रकाने असतात : तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक. आमच्या शाखेत एक निवृत्त गृहस्थ यायचे. पेन्शन जमा झाली की त्याच दिवशी जवळजवळ सगळी काढून न्यायचे. स्टाफमध्ये तर्क चालत. कोणी म्हणे शेअरबाजार, कोणी म्हणे सून. चहाबरोबर एखादं व्यसनही त्यांच्या नावे पडायचं. गेली दोन वर्षं ते येत नाहीत. आम्हांला त्यांच्या पैशापैशाचा हिशेब ठाऊक होता. पण तपशिलाच्या रकान्यात एवढंच छापलेलं : 'रोख'. ती कोणाच्या फीला गेली, कोणाच्या औषधाला, की खरोखरच बाजारात, हे त्या वरच्या साक्षीलाच माहीत.

देवाचं सर्वज्ञपण म्हणजे मला हा तपशिलाचा रकाना वाटतो. तिथे आपली पापं सविस्तर असतील, हे कबूल. पण त्यांची कारणंही असतील, आणि कोणाला न सांगितलेली चार पुण्यंही.

म्हणून देवाला सगळं ठाऊक आहे, या बातमीने मी घाबरत नाही. त्याला अर्धंच ठाऊक असतं, तर घाबरलो असतो. अर्धं ठाऊक असलेली मंडळी आमच्या सोसायटीत पुष्कळ आहेत!