घडी घातलेला क्रूस

जुलै २००९. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात, हॅमरविच गावाजवळच्या नांगरलेल्या शेतात एक हौशी माणूस जुना मेटल डिटेक्टर घेऊन फिरत होता. यंत्र वाजलं, त्यानं माती उकरली आणि हाती सोनं लागलं. मग पुरातत्त्वज्ञ आले, खोदकाम झालं आणि सहाव्या-सातव्या शतकांतले सुमारे ४६०० तुकडे जमा झाले. जवळपास ४ किलो सोनं, शिवाय चांदी, गार्नेटचे लाल खडे. बहुतेक ऐवज तलवारींच्या मुठींवरून उचकटलेला. तलवारीचं पातं मात्र एकही नाही.

या ढिगात सोन्याचा एक मोठा क्रूस होता. त्याच्या भुजा आत दुमडून चक्क घडी घातलेली. सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची एक पट्टीही तशीच दुमडलेली. तिच्यावर बायबलमधली लॅटिन प्रार्थना कोरली आहे: देवानं उठावं, शत्रूंची दाणादाण उडवावी. कोरणाऱ्याच्या शुद्धलेखनात चुका आहेत. त्या चुकांमुळे तो माणूस एकदम जवळचा वाटू लागतो.

देवाचं चिन्ह असं कोण वाकवेल?

पहिलं नाव सुचतं ते मर्सिया या तिथल्या राज्याचा राजा पेंडा याचं. ख्रिस्ती धर्म न स्वीकारलेला, ख्रिस्ती राजांना रणात मारणारा. पण पेंडा ६५५ मध्ये पडला, आणि त्याआधीच, ६५३ मध्ये, त्याच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला होता. हा ऐवज ६५० ते ६७५च्या दरम्यान पुरला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे क्रूस दुमडणारे हात ख्रिस्ती माणसाचेही असू शकतात, आणि खरा पेच इथेच सुरू होतो. पावित्र्य आकारात असतं की धातूत, की दोन्हींत नसतंच?

त्या काळच्या श्रद्धेचा एक धागा बीड या साधूच्या ७३१ मध्ये पुऱ्या झालेल्या इतिहासात सापडतो. ओस्वाल्ड या ख्रिस्ती राजानं लढाईपूर्वी एक लाकडी क्रूस उभारला होता. पुढे लोक त्याच्या ढलप्या काढून पाण्यात घालत आणि ते पाणी आजारी माणसांना, गुरांना पाजत. बीड या प्रथेला विटंबना म्हणत नाही. त्याच्या लेखी तो चमत्कार आहे. तासून काढलेल्या ढलपीतही क्रूस पुरा उरतो, असं मानणाऱ्या माणसाला सोन्याची घडी घालताना पाप वाटलं असेलच, असं म्हणवत नाही.

मराठी वाचकाला इथे गणपतीची उत्तरपूजा आठवेल. अक्षता पडल्या, मूर्ती जागची हलवली की देव निघाला. पाण्यात जाते ती माती. हॅमरविचच्या क्रूसाला असा निरोप कुणी दिला का? वाकवण्याआधी ओठांवर काही आलं का? जमिनीत सोनं टिकतं, पुटपुटलेले शब्द टिकत नाहीत.

तज्ज्ञांनी ऐवजाची किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरवली. बर्मिंगहॅम आणि स्टोक-ऑन-ट्रेंटच्या संग्रहालयांनी तो घेतला. रक्कम शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटली गेली. माती पुसली गेली, तुकडे जुळवले गेले. क्रूसाची घडी मात्र तशीच आहे.