निवांत गावाचे पाहुणे

आम्ही तिघे भावंडे वर्षातून एकदा, कधी दोनदा, फैजपूरला जातो. ते आमचे आजोळ. दोघे भाऊ पुण्यात आणि ठाण्यात, बहीण नाशिकला. भुसावळला गाडीतून उतरायचे, एस.टी.ने तापी ओलांडायची, आणि दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या की आमच्यापैकी कोणीतरी हमखास म्हणणार, "आता कसं बरं वाटलं!" दूर सातपुड्याची निळसर रेघ दिसते. घड्याळाकडे पाहण्याची सवय हळूहळू सुटते. मामूंच्या घरी पोचलो की अंगणात बाज टाकलेली असते, मामी चहा ठेवतात, आणि चहा पिता पिता दुपार कशी सरते ते कळत नाही. जेवायला वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी. परत निघताना आम्ही दरवेळी तेच वाक्य बोलतो, "तुमचं गाव किती निवांत आहे! कुणाला घाई म्हणून नाही."

हे वाक्य आम्ही स्तुती म्हणून बोलत होतो. गेल्या उन्हाळ्यात त्याच वाक्याने आम्हाला अडचणीत टाकले. छोट्या, संथ गावावर पाहुण्याने प्रेम करावे की नाही, आणि करायचे तर कोणत्या हक्काने, हा प्रश्न तेव्हापासून आमची पाठ सोडत नाही.

झाले असे. मामूंच्या पश्चात आमचा मामेभाऊ घर पाहतो. घराचा पुढचा भाग रस्त्याला लागून आहे. तो पाडून तिथे चार गाळे काढायचे त्याच्या मनात आहे. दोन विकायचे, एक भाड्याने द्यायचा, एकात स्वतः दुकान टाकायचे. मुलगी बारावी झाली आहे, तिला पुढे शिकायचे आहे. पण घर आजही नानांच्या, म्हणजे आमच्या आजोबांच्या नावावर आहे. त्यात आमच्या अम्मीचा हिस्सा होता. अम्मी गेली, तेव्हा तो आमच्याकडे आला. म्हणून आमच्या सह्या हव्या होत्या.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. थोरला म्हणाला, "अरे, हे अंगण गेलं तर मग राहिलं काय? आम्ही येतो कशासाठी?" धाकट्याने दुजोरा दिला. आणि मग आमच्या तोंडून निघाले, "बघू ना. घाई काय आहे?"

मामेभाऊ थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "भाईजान, घाई तुम्हाला नाही. मला आहे."

त्या रात्री झोप लागली नाही. गच्चीवर पडल्या पडल्या जे सुचत गेले, तेच इथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट अशी की, गावाला घाई नाही हे आमचे निरीक्षणच मुळात चुकीचे होते. यावल आणि रावेर हे केळीचे तालुके. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हाला शहरात बसून अभिमान वाटतो. पण शेतीपंपाची वीज पाळीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की शेतकरी बॅटरी घेऊन रात्री दोन वाजता बागेत असतो. पहाटे कटाई सुरू होते, घड खांद्यावर वाहून ट्रक भरले जातात. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, म्हणून जे करायचे ते उन्हं चढायच्या आत उरकावे लागते. आम्ही उठतो आठला. दुपारी आम्हाला जे गाव पेंगताना दिसते, ते अर्धी रात्र राबून आलेले गाव असते. त्याची विश्रांती आम्ही त्याचा स्वभाव समजलो. बाजाराच्या दिवशी सातपुड्याच्या पायथ्याहून येणारे तडवी बांधव झाडाच्या सावलीला बसलेले दिसले की आम्हाला ते चित्र सुंदर वाटायचे. ते किती चालून आले आणि परतीच्या गाडीला किती वेळ आहे, हे आम्ही कधी विचारले नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. काही निवांतपणा विश्रांतीतून येतो, काही नुकसानीतून. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी अमदानीच्या खानदेश गॅझेटिअरमध्ये फैजपूरची ओळख सुती कापडावरील छपाई आणि निळीची रंगाई यांसाठी दिलेली आहे. रंगाऱ्यांची कितीतरी घरे इथे होती. आमच्या आजोळच्या अंगणात एका कोपऱ्यात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला एक रांजण आहे. नाना सांगत की त्यांच्या आजोबांच्या काळी त्यात नीळ भिजायची आणि घरातल्या माणसांचे हात कोपरापर्यंत निळे असायचे. आज त्यात मामींनी कोरफड लावली आहे. १८९७ साली जर्मनीतल्या कारखान्याची रासायनिक नीळ बाजारात आली. गिरण्यांचे छापील कापड तर आधीपासूनच येत होते. मग झाडापासून काढलेली नीळ आणि तिच्यावर जगणारी माणसे यांची गरज जगाला उरली नाही. रांजणाजवळची धावपळ थांबली. त्या थांबण्यालाच आम्ही शंभर-सव्वाशे वर्षांनी येऊन 'शांतता' म्हणत होतो.

हे केवळ आपल्याकडचेच नाही. ब्राझीलच्या ईशान्येला बाहिया राज्यात पराग्वासू नदीकाठी काशोएइरा नावाचे एक छोटे शहर आहे. आम्ही तिथे गेलेलो नाही, वाचले आहे. जुनी चर्चेस, फरसबंद गल्ल्या, नदीवरचा पूल आणि घाई नसलेली माणसे, असे त्याचे वर्णन प्रवासी करतात. साखर आणि तंबाखूच्या व्यापाराने हे शहर एकेकाळी गजबजलेले होते. पुढे सडकांची वाहतूक वाढली आणि नदीकाठच्या बंदराचे महत्त्व ओसरले. ज्या वैभवाच्या खुणा पाहून प्रवासी हरखतो, ते वैभव आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर उभे होते. त्यांच्यात मुसलमानही होते. त्याच बाहियाची राजधानी साल्वादोर इथे १८३५ च्या जानेवारीत, रमजानच्या महिन्यात, त्यांनी बंड केले आणि ते चिरडले गेले. गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ साली. म्हणजे तिथल्या गल्लीत संध्याकाळी खुर्ची टाकून बसलेला म्हातारा आणि फैजपुरात बाजेवर टेकलेले आमचे मामू, दोघांच्या निवांतपणामागे एक मोठा हिशेब आहे. पाहुण्याच्या नजरेला फक्त खुर्ची आणि बाज दिसते.

मग पाहुण्याने जाऊच नये का? तसे आम्हाला वाटत नाही. फैजपूरनेच याचे उत्तर दिलेले आहे. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन इथे भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू. गांधीजी आले होते, खादी-ग्रामोद्योगाचे प्रदर्शन भरले होते. नंदलाल बोस यांनी बांबू आणि इथलेच साधे सामान वापरून 'टिळकनगर' सजवले. धनाजी नाना चौधरींसारख्या इथल्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी जिवाचे रान केले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आज गावात आहे. तेही सगळे पाहुणेच होते. दोन दिवसांनी तंबू उठले, माणसे गेली. पण त्या अधिवेशनाने शेतकऱ्याचा खंड, सारा आणि कर्ज यांचा कार्यक्रम मांडला. खेडे किती शांत आहे असे म्हणून ते थांबले नाहीत. या शांततेखाली काय दबले आहे, असा प्रश्न त्यांनी विचारला. तो कार्यक्रम किती अमलात आला हा वेगळा विषय. मुद्दा एवढाच की पाहुणा दोन प्रकारचा असतो. एक यजमानाकडून विसावा घेऊन जातो. दुसरा यजमानाची अडचण ऐकून जातो.

आपल्याकडे मेहमाननवाजीचे फार कौतुक आहे, आणि ते योग्यच आहे. पण हदीसमध्ये पाहुणचार तीन दिवसांचा सांगितला आहे, आणि यजमान अडचणीत येईल इतके राहू नये, हेही सांगितले आहे. यजमानाच्या कर्तव्यावर आपण खूप बोलतो. पाहुण्याच्या मर्यादेवर कमी. आम्ही तर दोन दिवस राहून परतत होतो. पण सही अडवून आम्ही त्या घरात वर्षभराचा मुक्काम ठोकणार होतो. आमच्या विसाव्यासाठी मामेभावाने दुकान टाकू नये आणि त्याच्या मुलीने थांबावे, अशी आमची मागणी होती. आमची स्वतःची मुले शिकायला फैजपूरला ठेवायची आमची तयारी होती का? नव्हती. मग जी संथ जिंदगी आम्हाला स्वतःसाठी नको, ती दुसऱ्याने आमच्यासाठी जपून ठेवावी, हे कोणत्या न्यायात बसते?

सकाळी हे सगळे बोलून झाल्यावर बहीण, जी आदल्या दिवशी गप्प होती, ती म्हणाली, "आणखी एक शांतता राहिलीच की. अम्मीने आपला हिस्सा कधी मागितला नाही, म्हणून हे घर शांत राहिलं. तिने मागितला असता तर आजोळ राहिलं असतं का?"

आम्ही दोघे भाऊ निरुत्तर झालो. शरीयतने मुलीला हिस्सा दिला आहे. भावाच्या निम्मा, पण दिला आहे. आणि तो न मागणाऱ्या बहिणीला आपल्या समाजात 'चांगली बहीण' म्हणतात. अम्मी अशी चांगली बहीण होती. दर ईदला तिला साडी आणि बांगड्या मिळत. आम्ही तिच्या न मागण्याला मोठेपणा म्हणत आलो. तिला विचारले मात्र कोणीच नाही. गावाच्या संथपणासारखेच हे. ज्याला किंमत द्यावी लागत नाही, त्याला शांतता फार सुंदर दिसते.

याचा अर्थ निवांतपणात काहीच मोलाचे नाही, असे आम्ही म्हणत नाही. शेजारी आजारी पडला तर फैजपुरात गल्ली जमते. मयतीला दुकाने आपोआप बंद होतात, आणि त्यात कोण कोणत्या जातीचा किंवा धर्माचा हे कोणी पाहत नाही. आमच्या ठाण्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावरचे गृहस्थ वारले, ते आम्हाला आठवड्याने कळले. माणसाला माणसासाठी वेळ असणे ही फार मोठी दौलत आहे. पण ती दौलत गरिबीची सोबतीण असलीच पाहिजे असे कुठे लिहिले आहे? गाळे झाले म्हणून मामेभाऊ शेजाऱ्याच्या मयतीला जायचा थांबेल, असे आम्ही गृहीत धरले होते. हा त्याच्यावर अविश्वास होता. आम्ही शहरात जाऊन वेळ गमावला, म्हणून तोही गमावेल असे आम्हाला वाटले.

आम्ही सह्या केल्या. बहिणीची एक अट होती. अम्मीचे नाव आणि तिचा हिस्सा कागदावर स्पष्ट लिहायचा, आणि त्या हिश्शापोटी एक गाळा भाचीच्या नावावर करायचा. मामेभावाने थोडा विचार केला आणि मान्य केले. मामी आत चहा करत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा प्रथमच आमच्यात येऊन बसल्या.

निघताना मामेभाऊ अंगणाच्या कोपऱ्यात उभा राहून म्हणाला, "पाया खणताना हा रांजण निघेल. त्याचं काय करू?"

जपून ठेव, असे शब्द आमच्या ओठांवर आले होते. ते आम्ही मागे घेतले. "तुझं घर आहे," आम्ही म्हणालो, "तूच ठरव."