‘किरकोळ’ सदराचा प्रश्न

महिनाअखेरीस जमाखर्च जुळेनासा झाला, म्हणजे उरलेली रक्कम ‘किरकोळ’ या सदराखालीं घालण्याची रीत आपल्याकडे घरोघरीं आहे. तिला कोणी लबाडी म्हणत नाहीं. किरकोळ खर्च खरोखरच होतात. पण ज्या महिन्यांत हिशेब पैला पै जुळला, त्या महिन्यांत ते झालेच नव्हते काय?

विश्वोत्पत्तीच्या शास्त्रांत हाच प्रश्न उभा राहिला आहे. विश्व आरंभींच्या अत्यल्प काळांत प्रचंड वेगानें प्रसरण पावलें, या कल्पनेचें एक रूप सोव्हिएत शास्त्रज्ञ स्टारोबिन्स्की यांनीं १९८० सालीं मांडलें. आद्य विश्वांतील लहानमोठ्या चढउतारांचें परस्परप्रमाण दाखविणारा एक आंकडा त्यावरून ०.९६५ च्या आसपास निघतो. प्लांक उपग्रहाच्या २०१८ च्या निष्कर्षांत तो नेमका तितकाच आला, आणि या उपपत्तीची प्रतिष्ठा वाढली. पुढें २०२५ सालीं चिलींतील अटाकामा दुर्बिणीचीं निरीक्षणें प्लांकच्या व दीर्घिकांच्या मोजणीशीं एकत्र करून पाहतां आंकडा ०.९७४ भरला. फरक हजारांत नवांचा. पण मापनांतील अनिश्चितता हजारांत तीन-चारांचीच असल्यानें तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. लगोलग अनेक विद्वानांनीं मूळ सूत्रास अत्युच्च ऊर्जेच्या पदार्थविज्ञानांतून येणाऱ्या दुरुस्त्या जोडल्या, आणि हिशेब पुन्हा जुळला!

या दुरुस्त्या काल्पनिक आहेत, असें आमचें म्हणणें नाहीं. जिनिव्हाच्या यंत्रांतील टकरींच्या लक्ष कोटी पटींपर्यंतची ऊर्जा त्या काळीं असूं शकेल. तेथील नियम कोणीं पाहिले आहेत? शिवाय या उपपत्तींतील ऊर्जेचा आलेख जवळजवळ सपाट पठारासारखा असल्यानें अज्ञात जड कणांचा तिळाएवढा परिणामही त्याचा उतार बदलतो. दुरुस्त्या नसत्या, तरच नवल. आमचा आक्षेप निराळा आहे. जें अज्ञान आज उपपत्तीस तारतें, तें २०१८ सालींही होतेंच. मग त्या वेळचा विजयही तितकाच डळमळीत होता, हें कबूल करावयास नको काय? आम्हांस तरी ही कबुली क्वचितच ऐकूं आली.

अशा दुरुस्तीनें दुसराही एक आंकडा, म्हणजे आद्य गुरुत्वलहरींचें प्रमाण, बहुधा हलतो. मूळ उपपत्तीप्रमाणें तें ०.००३ ते ०.००४ असावें. आपल्या दुरुस्तीनें तें किती होईल, हें जो आजच लिहून ठेवील, त्याच्याशीं आमचें भांडण नाहीं. दक्षिण ध्रुवावरील निरीक्षणांतून २०२१ सालीं तें ०.०३६ हून कमी, इतकेंच ठरलें. त्याखालीं पुष्कळ जागा अजून मोकळी आहे.