वाट सोडण्याचा धर्म

लोणावळ्याहून भुशी धरणावरून वर चढणारा रस्ता नौदलाच्या ‘आयएनएस शिवाजी’ या १९४५ पासूनच्या प्रशिक्षण केंद्राच्या कडेने कुरवंडे गावात जातो. गावापुढे पाऊलवाट रानात शिरते आणि नागफणीच्या सुळक्यावर, महादेवाच्या छोट्या देवळापाशी संपते. खाली एकदम कोकण. ज्याला पाणी, झाडी आणि उघडे आभाळ एकाच सकाळी हवे आहे, त्याला याहून चांगली वाट शोधायला फार लांब जावे लागेल. वळवण आणि तुंगार्लीच्या तलावांकाठचे रस्तेही असेच. पुण्या-मुंबईचे धावणारे इकडे येतात. पन्नास किलोमीटरची टाटा अल्ट्रा मॅरेथॉनही लोणावळ्यातच होते. या मंडळींच्या तोंडी एक वाक्य वारंवार येते: धावणे हेच माझे ध्यान, हा निसर्ग हेच माझे देऊळ. ऐकणारा बहुधा कौतुकाने मान डोलावतो, नाहीतर मनातल्या मनात हसतो. पण हे विधान गंभीरपणे तपासण्याजोगे आहे. देवाकडे न जाणाऱ्या, केवळ सुंदर आहे म्हणून पायाखाली घातलेल्या वाटेला धार्मिक मोल असू शकते का? आणि असेल तर ते कशाने येते: घामाने, दृश्याने, की आणखी कशाने?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला कुरवंड्याहून बरी जागा नाही, कारण इंद्रायणीचा उगम इथलाच. नदी भुशीवरून उतरते, कार्ले-भाज्याच्या लेण्यांमधल्या खोऱ्यातून वाहते, पुढे देहू आणि आळंदीला लागते आणि तुळापूरला भीमेत मिसळते. चालणे आणि धर्म यांचे नाते महाराष्ट्राने ज्या दोन परंपरांत सर्वांत खोलवर विचारात घेतले, त्या बौद्ध भिक्षूंच्या आणि वारकऱ्यांच्या परंपरा या एकाच नदीच्या काठी आहेत. इतिहासकार दा. ध. कोसंबी पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी धुंडाळत असत. लेणी आणि मातृदेवतांची जुनी ठाणी व्यापाराच्या, गुराख्यांच्या वाटांवर आणि त्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे उभी राहिली, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे पुष्कळ ठिकाणी वाट आधी होती आणि देव मागाहून तिच्या कडेला येऊन बसला. कुरवंड्याची घाटवाटही अशीच जुनी; १६६१ च्या फेब्रुवारीत मोगल सरदार कारतलबखानाची फौज हीच वाट उतरून उंबरखिंडीत अडकली. तेव्हा ‘देवाकडे जात नाही, म्हणून वाटेला धर्माशी कर्तव्य नाही’ हा आक्षेप निदान या खोऱ्यात टिकत नाही.

शरीराचे श्रम अध्यात्माला परके आहेत, हाही आक्षेप टिकत नाही. बुद्धाने चंक्रमणाचे, म्हणजे ठरलेल्या पट्ट्यात येरझारा घालण्याचे, पाच लाभ सांगितल्याचे अंगुत्तर निकायात येते. माणूस प्रवासाला तयार होतो, कष्टाला तयार होतो, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चालताना लाभलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. पाचातले चार लाभ आजचा डॉक्टरही सांगेल. प्रकृतीसाठी पाय उचलणे हीन आणि मोक्षासाठी उचलणे थोर, अशी विभागणी तिथे नाही. वारकऱ्यांकडे तर धावणेच आहे. पंढरीच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण होते, माउलीचा अश्व स्वाराविना दौडतो. वेळापूरजवळ पंढरीच्या ओढीने दिंड्या धावत सुटतात आणि त्या धावण्याला ‘धावा’ असेच नाव आहे. एक शंका मात्र लोणावळ्यातूनच निघते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये इथे कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाच्या क्रियांची शरीरशास्त्रीय तपासणी सुरू केली. पतंजलीच्या मते आसन स्थिर आणि सुखाचे असावे आणि प्रयत्न सैल पडल्याने ते साधावे. मग छाती फुटेस्तोवर धावणाऱ्याचा योगाशी संबंध काय? उत्तर असे, की कसोटी श्रम चालू असतानाची नसून श्रमानंतर मागे काय उरते याची आहे. बुद्धाचा पाचवा लाभ हेच सांगतो: चालणे थांबल्यावरही टिकणारी एकाग्रता. घड्याळातले आकडे पाहून खंतावणाऱ्याला तो लाभ झाला नाही. रोजच्या चढावर श्वास सावरायला शिकलेल्याला कदाचित झाला असेल. इथपर्यंत धावणाऱ्याचा दावा मान्य करायला हरकत नाही.

दाव्याचा दुसरा भाग दृश्याचा आहे आणि तिथे घोटाळा सुरू होतो. सुंदर जागी मन आपोआप वर उठते, असे आपण गृहीत धरतो. कार्ल्याचे चैत्यगृह या समजुतीला वेगळेच वळण देते. डोंगराच्या त्या खांद्यावरून इंद्रायणीचे खोरे दूरवर दिसते. पण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी प्रदक्षिणेची वाट उघड्यावर न ठेवता कातळाच्या पोटात, खांबांच्या मागे, अर्धवट अंधारात कोरली. मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब आहेत आणि त्यांच्या माथ्यावर हत्तींवर बसलेल्या जोड्या आहेत. स्तूपाच्या पाठीमागे, जिथे प्रदक्षिणा वळते, तिथले सात खांब मात्र साधे अष्टकोनी. कारण खर्चाचे असेल, किंवा मागचे कोण पाहणार, असा हिशेबही असेल. परिणाम तरी असा, की चालणाऱ्याला वळणावर पाहण्यासारखे काही उरत नाही आणि चालणेच उरते. याउलट ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अभ्यासाच्या जागेचे वर्णन येते ते पुरते रसिकाचे आहे. तिथे निर्मळ पाणी आहे, मंद वारा आहे, झाडी आहे, मधूनच पक्षी आहे. राजालाही राज्य सोडून इथेच राहावे असे वाटेल अशी ती जागा आहे. सौंदर्य साधनेला अडथळा आहे असे ज्ञानदेव मुळीच म्हणत नाहीत. पण त्यांच्या वर्णनात दोन गोष्टी ठळक आहेत. त्या जागी फारशी वर्दळ नाही, आणि तिथे बसलेल्याला उठावेसे वाटत नाही. म्हणजे जागेचे सौंदर्य माणसाची धाव शांत करते, त्याला पुढच्या दृश्याकडे पळवत नाही. कार्ल्याचा अंधार आणि ज्ञानदेवांचे रान वरवर विरुद्ध दिसले, तरी डोळ्यांची हाव थांबावी, एवढे दोघांनाही हवे आहे.

आता खरा मुद्दा. लोणावळ्यात वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. गर्दीही त्याच चार महिन्यांत लोटते, कारण तेव्हाच वाट सर्वांत देखणी असते. आणि नेमक्या याच काळात या खोऱ्यातल्या लेण्यांचे जुने रहिवासी चालणे थांबवत. वर्षावासाच्या तीन महिन्यांत भिक्षूने गावोगाव फिरू नये, हा विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेचा, नियम आहे आणि त्यामागचे कारण ग्रंथातच नोंदलेले आहे. भिक्षू पावसाळ्यातही हिंडतात, हिरवे कोवळे गवत तुडवतात, लहानसहान जिवांचा घात करतात, अशी लोकांनी तक्रार केली. ती ऐकून बुद्धाने नियम घातला. यात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. नियम बाहेरच्यांच्या टीकेतून आला आणि संघाने ती टीका रास्त मानली. आणि तो भटकणाऱ्यांना बसवणारा नियम होता. चालणे हेच ज्यांचे व्रत, त्यांनीच काही काळ चालू नये, असे त्याने सांगितले. चालण्याचे पाच लाभ सांगणाऱ्या परंपरेने वाट सोडण्यालाही साधनेत जागा दिली. माझे म्हणणे एवढेच आहे, की वाटेला धार्मिक मोल येते ते इथून. श्रम आणि सौंदर्य ही पूर्वतयारी झाली. ज्या वाटेने आपल्याला काही दिले तिच्यासाठी, तिच्यावर जगणाऱ्यांसाठी आपले पाऊल आवरता येते की नाही, यावर पुढचे सारे ठरते.

यावर पहिला आक्षेप वारकऱ्यांच्या बाजूने येईल. वारी तर ऐन पावसात निघते, लाखो पावलांनी निघते. मग ती काय कमी धार्मिक? वारीचे स्वरूप पाहिले की हा आक्षेप माझ्याच म्हणण्याला आधार देतो. वारी मनाला येईल तिथून जात नाही. तिचा मार्ग, मुक्काम, दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो. धावायचे कुठे आणि रिंगण कुठे, हेही ठरलेले. आणि ती ज्या आषाढी एकादशीला पोचते त्याच दिवशी चातुर्मास लागतो. पालख्या परततात, हे खरे. पण वर्षातल्या सर्वांत मोठ्या चालण्याचा शेवट थांबण्याच्या काळाच्या उंबरठ्यावर यावा, ही रचना बोलकी आहे. तरीही वारीला सगळे माफ आहे असे नाही. आळंदीला इंद्रायणीवर अलीकडच्या वर्षांत पांढरा फेस तरंगताना दिसतो. त्याचा मोठा वाटा कारखान्यांच्या आणि नागरी सांडपाण्याचा असला, तरी ज्या नदीला आपण माता म्हणतो तिच्याशी आपला व्यवहार काय, हा प्रश्न कुरवंड्याच्या धावणाऱ्याइतकाच आळंदीच्या भाविकालाही लागू आहे.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. मर्यादा हा शब्द आपल्याकडे निष्पाप नाही. कोणी कोणत्या वाटेने जायचे, कोणत्या पाणवठ्यावर यायचे, हे धर्माच्या नावाने शतकानुशतके ठरवले गेले. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ मध्ये त्यासाठीच लढा द्यावा लागला. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात ज्या देवरायांचा, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांचा, अभ्यास मांडला, त्या देवरायांनी सह्याद्रीतले जुने जंगल राखले हे खरे, पण काही देवरायांत बायकांना मज्जाव असतो हेही खरे. मग आठवड्यातून एकदा मोकळी हवा खायला येणाऱ्या चाळीतल्या कुटुंबाला आपण मर्यादा शिकवणार, आणि बंगल्यांच्या कुंपणांना मात्र काही विचारणार नाही? हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. पण मर्यादा दोन जातींची असते. एक दुसऱ्यावर घातली जाते आणि घालणारा तिच्या बाहेर राहतो. दुसरी स्वतःवर घेतली जाते आणि तिचा तोटा घेणाऱ्यालाच सोसावा लागतो. वर्षावास दुसऱ्या जातीचा. देवराईतला कुऱ्हाडबंदीचा नियमही सरपणाची गरज असलेल्या गावाने स्वतःवरच घातलेला. बायकांना मज्जाव हा मात्र पहिल्या जातीचा, आणि तो त्याच देवाच्या नावाने चालतो म्हणून पवित्र ठरत नाही. पाण्यावर आणि रानावर हक्क सर्वांचा, हे आधी मान्य झाले, तरच आपला हक्क कधी वापरू नये हे ठरवण्यात काही नैतिक अर्थ उरतो. ज्याला हक्कच नाही त्याचा संयम ही नुसती सक्ती.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी याच इंद्रायणीवर कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दी असताना कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. अशा वेळी धर्माच्या गोष्टी सांगणे म्हणजे प्रशासनाची जबाबदारी मृतांच्या माथी मारणे नव्हे काय? तसे कोणी केले तर ते क्रूर ठरेल. धोकादायक पूल बंद करणे, कठडे बांधणे, पाण्याचा इशारा देणे ही सरकारचीच कामे आहेत आणि त्यांचा हिशेब सरकारकडेच मागितला पाहिजे. पण कठडा फक्त देह अडवतो. कुरवंड्याच्या भातखाचरांत आषाढात लावणी चालू असते. बांधावरून माणसे पळाली तर बांध ढासळतो, अरुंद रस्त्यावर गाड्या लागल्या तर गावाची ये-जा अडते. यासाठी कुठलाही कठडा पुरणार नाही. मावळात ‘इंद्रायणी’ भात पिकवणाऱ्याला ही वाट रोजच्या कामाची आहे आणि तिचे देखणेपण त्याच्या श्रमावर उभे आहे. भुशीचे पाणी रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांसाठी अडवले गेले. वळवण-शिरवत्याचे पाणी खोपोलीच्या वीजघरासाठी. दृश्य म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो ते जवळजवळ सगळे कोणाच्या तरी कामाचे आहे, हे कळणे हीच धावणाऱ्याच्या ध्यानाची पहिली पायरी ठरावी.

शेवटचा आक्षेप सर्वांत साधा: एवढा भार कशाला? माणसे तब्येतीसाठी धावतात, धावू द्यावे. अगदी बरोबर. तब्येतीसाठी धावणाऱ्याला धर्माचा दाखला मागण्याचा कोणालाही अधिकार नाही. त्याने रहदारीचे आणि जंगलाचे नियम पाळले की पुरे. प्रश्न फक्त त्याच्यासाठी आहे जो आपल्या धावण्याला ध्यान आणि रानाला देऊळ म्हणतो. त्याने मोठा शब्द वापरला, तर त्या शब्दाची किंमतही त्यालाच द्यावी लागेल. देवळात शिरताना आपण चपला बाहेर काढतो आणि गाभारा बंद असेल तर निमूट परततो. मग श्रावणात, वाट निसरडी आणि रान नव्याने उगवत असताना, तो नागफणीची पायवाट महिनाभर सोडून गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर, कुठलेही दृश्य नसताना, तेवढ्याच मनाने धावू शकतो का? धावू शकला तर त्याचा दावा खरा मानावा, मग तो देव मानो वा न मानो. नाही तर तो चांगला धावपटू आहे, उत्तम रसिक आहे, आणि त्यातही कमीपणा काही नाही. फक्त त्याने ध्यान हा शब्द परत करावा.