थोडं बसा, फादर!

सामान्य काळातील सोळावा रविवार
(मार्क ६:३०-३४)



प्रेषित गावोगावी सेवाकार्य करून परत आले होते. आपण काय केले, काय शिकवले, ते सारे प्रभूला सांगत होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ एवढी, की त्यांना जेवायलाही सवड नव्हती, असे संत मार्क आजच्या शुभवर्तमानात सांगतो. अशा वेळी प्रभूने त्यांना पुढच्या गावी पिटाळले नाही. एकान्तात नेऊन थोडा विसावा घ्यायला सांगितले.

जेवायला सवड नसणे ही तर आपल्या घराघरांतली तक्रार. सकाळची विरार लोकल गाठायची, म्हणून चहा उभ्यानेच. रात्री जेवताना एक डोळा ताटात, दुसरा मोबाइलवर. रोझरी होते, पण 'नमो मरिये'चा पूर्वार्ध संपायच्या आत उत्तरार्ध सुरू झालेला असतो! आणि दोष फक्त धर्मग्रामस्थांना का द्यावा? मिस्साही कधी कधी घड्याळाशी शर्यत लावते, हे आम्ही जाणून आहोत.

शुभवर्तमानात साध्यासुध्या वस्तू फार आहेत. वादळात सापडलेल्या नावेत प्रभू झोपी गेला होता. ही घटना मत्तय, मार्क आणि लूक असे तिघेही सांगतात, पण प्रभूच्या डोक्याखाली उशी होती हे फक्त मार्कच सांगतो. शोमरोनात प्रवासाने थकलेला प्रभू याकोबाच्या विहिरीजवळ बसला. तो तिथे बसला, म्हणूनच त्या शोमरोनी स्त्रीशी त्याचे बोलणे झाले आणि तिचे आयुष्य पालटले. पुनरुत्थानानंतर तिबिर्या सरोवराच्या काठी त्याने कोळशाचा विस्तव पेटवला, त्यावर मासळी ठेवली आणि रात्रभर राबलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावले. पेत्राने तीनदा नाकारले होते. पण त्याविषयीचे बोलणे प्रभूने न्याहारी झाल्यावर काढले. उशी, विहीर, विस्तव. मृत्यूवर जय मिळवणाऱ्या प्रभूलाही या वस्तू क्षुल्लक वाटल्या नाहीत.

आपल्या वसईतही अशा वस्तू होत्या, काही अजून आहेत. ओटीवरचा झोपाळा घ्या. त्यावर बसून कुठेही पोहोचता येत नाही, आणि तेच त्याचे मोठेपण! संध्याकाळी शेजारी येऊन टेकायचा, सुखदुःखाच्या चार गोष्टी व्हायच्या. रहाटाची विहीर आणि बावखलाचा काठही असेच. पाणी भरेपर्यंत थांबावे लागे, आणि थांबले की माणूस भेटे. आता बटण दाबले की पाणी वर चढते. सोय झाली, हे चांगलेच झाले. आपल्या आयाबहिणींच्या हातांचे घट्टे कमी झाले. मात्र वाचलेला तो वेळ गेला कुठे, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

रोझरीची माळ ही तर आपल्या खिशातलीच वस्तू. एकूण ५९ मणी: ५३ 'नमो मरिये'चे आणि ६ 'हे आमच्या स्वर्गीय पित्या'चे. बोटांना एका वेळी एकच मणी धरता येतो. पुढचा धरायचा तर हातातला सोडावा लागतो. पोप संत सहावे पॉल यांनी १९७४ साली 'मारियालिस कुल्तुस' या पत्रात रोझरी शांत लयीत, रेंगाळत म्हणावी असे शिकवले. २००२ साली पोप संत दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाची रहस्ये सुचवली, तेव्हा प्रत्येक रहस्य जाहीर केल्यावर क्षणभर मौन पाळण्याचाही सल्ला दिला. म्हणजे माळ ही प्रार्थना मोजण्यासाठी जेवढी आहे, तेवढीच आपला वेग आवरण्यासाठीही आहे.

कुणी म्हणेल, "फादर, हे आळसाला उत्तेजन नव्हे का?" ग्रीक भाषेत सवडीला 'स्खोले' म्हणतात. इंग्रजीतला 'स्कूल' हा शब्द त्यातूनच आला. कामाच्या धबडग्याला ते 'अस्खोलिया', म्हणजे सवड नसणे, असे म्हणत. आपण कामात गुंततो ते सवड लाभावी म्हणून, असे अ‍ॅरिस्टॉटलचे म्हणणे. आपण नेमके उलटे करतो. विश्रांतीसुद्धा घेतो ती उद्या जास्त काम व्हावे म्हणून! संत थॉमस अक्वायनस तर याहून पुढे जातो. आध्यात्मिक आळस हे शब्बाथ पवित्र पाळण्याच्या आज्ञेविरुद्धचे पाप आहे, असे तो शिकवतो. म्हणजे ज्याला देवाच्या सहवासात विसावता येत नाही, तो खरा आळशी. दिवसभर धावूनही तो आळशीच राहू शकतो.

इथे एक सावधगिरी हवी. झोपाळ्यावर घरधनी आणि स्वयंपाकघरात घरधनीण, हा प्रभूचा विसावा नव्हे. अनुवादाच्या पुस्तकातली शब्बाथाची आज्ञा दास-दासींना आणि बैलालासुद्धा विश्रांती देते. एकाच्या सवडीसाठी दुसऱ्याने राबायचे असेल, तर ती सवड चोरीची आहे.

आता आमची स्वतःची एक कबुली. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना आम्ही पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन द्यायला जात असू. यादी पंधरा-सोळा घरांची. त्यात एक वृद्ध मावशी होत्या. आम्ही येणार म्हणून त्या पलंगाशेजारी एक लाकडी खुर्ची पुसून ठेवायला लावत. प्रार्थना संपली की म्हणत, "थोडं बसा, फादर." आम्ही घड्याळाकडे पाहून म्हणायचो, "पुढच्या वेळी नक्की बसतो, मावशी." असे कितीतरी पहिले शुक्रवार गेले. मग एके दिवशी त्यांच्या मृत्यूची घंटा वाजली. दफनविधीनंतर त्यांच्या घरी प्रार्थनेला गेलो, तेव्हा खुर्ची तिथेच होती. त्या दिवशी बसलो. सून म्हणाली, "आईंना तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं, फादर. आम्हाला कधी बोलल्या नाहीत." काय सांगायचे होते, ते आम्हाला आजवर कळलेले नाही. कदाचित साधेच काही असेल. कदाचित त्यांच्या मनावरचे मोठे ओझे असेल. आम्ही पवित्र कम्युनियन वेळेवर पोहोचवले. पण ज्या प्रभूला घेऊन गेलो, तो विहिरीजवळ बसणारा प्रभू आहे, हे विसरलो.

आजच्या शुभवर्तमानाचा शेवट पाहा. शिष्यांना विसावा मिळाला तो जेमतेम नावेच्या प्रवासापुरता. किनाऱ्यावर लोक आधीच येऊन थांबले होते. प्रभू त्यांच्यावर वैतागला नाही. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ते त्याला दिसले आणि त्याला त्यांचा कळवळा आला. घाईतल्या माणसाला गर्दी दिसते, विसावलेल्या माणसाला मेंढरे दिसतात. विसावा लोकांना टाळण्यासाठी नसतो. लोक नीट दिसावेत म्हणून असतो.

म्हणून या आठवड्यात एवढेच करू या. एका संध्याकाळी मोबाइल बाजूला ठेवून सारे घर एकत्र जेवायला बसेल, वाढणारी माउलीसुद्धा. रोझरीचे प्रत्येक रहस्य जाहीर केल्यावर क्षणभर थांबू. आणि ज्या घरात "थोडं बसा" असे म्हणणारे कुणी आपली वाट पाहत आहे, त्या घरी जाऊन खरोखर बसू. आम्हीही येत्या पहिल्या शुक्रवारी यादीतली घरे दोन दिवसांत विभागणार आहोत. उशीर झाला, तर आजाऱ्यांनी रागावू नये. शेजारच्या घरी आम्ही बसलेलो असू.

प्रभू आपणां सर्वांना त्याचा विसावा देवो. आमेन.

आपले धर्मगुरू