‘सिली मिस्टेक’ म्हणण्याआधी

लातूर-नांदेडला नीटच्या तयारीसाठी रूम करून राहणारी पोरं हजारोंनी आहेत. मेसचा डबा, अभ्यासिका आणि ठरलेल्या दिवशी सराव परीक्षा. निकाल लागला की बहुतेक जण आधी स्वतःचे गुण बघतात, मग शेजारच्याचे. चुकलेला प्रश्न समोर आला की ठरलेलं वाक्य कानावर येतं, “येत होतं रे, सिली मिस्टेक झाली.” नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक कापला जातो. चूक सिली होती की मोठी, हे तपासणारं मशीन विचारत नाही. काही पोरं मात्र एक वेगळी वही ठेवतात. त्यात फक्त चुकलेले प्रश्न आणि ते का चुकले, हे एका ओळीत. ती वही उघडायला कुणालाच आवडत नाही. तरी रोज उघडणारी काही असतात.

बायबलमधले दोन राजे या पोरांसारखेच आहेत. अमालेकी लोकांची कुठलीही लूट ठेवायची नाही, अशी शौलाला आज्ञा होती. त्यानं चांगली चांगली मेंढरं आणि बैल राखून ठेवले. शमुवेल संदेष्टा आला तेव्हा म्हणाला, सांगितलं तसं सगळं केलं. आणि मागं मेंढरं ओरडत होती! विचारल्यावर उत्तर काय, तर लोकांनी ठेवली, तीही यज्ञासाठीच. शेवटी चूक कबूल केली, पण वडीलमंडळींसमोर माझा मान राख, अशी गळ घालूनच. दावीदाचा गुन्हा याहून भयंकर. दुसऱ्याची बायको नेली आणि तिच्या नवऱ्याला लढाईत मरायला पाठवलं. पण नाथान संदेष्ट्यानं तोंडावर सुनावलं तेव्हा त्यानं एकही सबब पुढं केली नाही. सरळ पाप कबूल केलं. परिणाम काही टळले नाहीत, घरात पुढं दुःखामागून दुःख आलं. तरी नाथानाला त्यानं दूर लोटलं नाही. दावीद म्हातारा झाला, गादीचा प्रश्न आला, तेव्हाही नाथान त्याच्यासमोर जाऊन स्पष्ट बोलू शकत होता.

इब्री लोकांस पत्राचा 12 वा अध्याय सांगतो की, ज्याला बाप आपलं लेकरू मानतो त्यालाच तो वळण लावतो, आणि ते त्या वेळी कुणाला गोड लागत नाही. पण वळण लावून घेणं म्हणजे मान खाली घालून सगळं ऐकणं नव्हे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. तिथल्या मठातल्या त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांच्याबद्दल त्यांना आदर होता, तरी पटलं नाही तिथं त्यांनी पत्रांतून ठाम वाद घातला. आपला विवेक कुणाकडं गहाण ठेवायला त्या तयार नव्हत्या. त्याच रमाबाई पुढं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई, साध्या बायाबापड्यांना कळेल असं बायबल मराठीत आणायचं म्हणून पुन्हा विद्यार्थिनी झाली. ते काम 1922 मध्ये त्या गेल्या तोवर चाललं होतं. त्यांच्या वादांपेक्षा हे बसणं मला मोठं वाटतं.

आज दिवसभरात कुणीतरी आपल्यालाही काही दाखवेलच. लेक म्हणेल, “पप्पा, भाजीवाल्या मावशीशी असं का बोललात?” साहेब म्हणतील, फाईल अर्धवट आहे. ‘अगं, पण’ आणि ‘सर, त्याचं काय झालं’ हे तर जिभेवर तयारच असतं. तेवढं आज गिळून बघा. समोरच्याचं सगळंच खरं असेल असं नाही, कधी साहेबांचा राग भलत्याचाच असतो. खरं तेवढं घ्यावं, बाकीचं डबा खाताना विसरून जावं. पण खरं किती, हे कळायला आधी पुरतं ऐकावं लागतं. आणि रात्री प्रार्थनेला बसाल तेव्हा आज ज्यानं चूक दाखवली, त्याचं नाव घेऊन त्याच्यासाठीही प्रार्थना करा.